शिंजी ओकाझाकी: गोल मोजायचे की धावा?

डावा_इनसाइड (धागाकर्ता)

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबच्या २०१५-१६ च्या विजेतेपदाची गोष्ट निघाली की स्ट्रायकर वार्डी, विंगर (कडेने खेळणारा) महरेझ आणि मिडफिल्डर कान्ते ही तीन नावं येतातच. चौथं नाव सहसा येत नाही. हा धागा त्या चौथ्या माणसासाठी, म्हणजे जपानी स्ट्रायकर शिंजी ओकाझाकीसाठी.

आधी कारकिर्दीचा आडवा छेद. जन्म १६ एप्रिल १९८६, ह्योगो प्रांतातलं ताकाराझुका. कोबेच्या ताकिगावा दाइनी शाळेतून २००५ मध्ये जपानचाच क्लब शिमिझु एस-पल्स. जानेवारी २०११ मध्ये जर्मनीतलं स्टुटगार्ट, २०१३ मध्ये तिथलंच माइन्त्स, २०१५ मध्ये लेस्टर, २०१९ मध्ये स्पेनमधलं उएस्का, मग कार्ताहेना आणि शेवटी बेल्जियममधलं सिंट-ट्रुइडन. मे २०२४ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी निवृत्ती. जपानकडून ११९ सामने, ५० गोल.

उंची १७४ सेंटीमीटर. पायात नैसर्गिक वेग नाही, ड्रिबलिंग साधारण. शिमिझुत आला तेव्हा संघातल्या स्ट्रायकरांच्या रांगेत त्याचा नंबर अगदी शेवटचा होता. तिथे धावण्याचं तंत्र त्याने मुळापासून नव्याने शिकून घेतलं, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये रिले धावलेल्या र्‍युजी सुगिमोतोंकडून. आधीच व्यावसायिक झालेला फुटबॉलपटू पाऊल कुठे टाकायचं हे पुन्हा पहिल्यापासून शिकतो, यातच त्याचा स्वभाव कळतो.

प्रीमियर लीगमध्ये त्याचे ११४ सामन्यांत १४ गोल. विजेतेपदाच्या मोसमात ३६ सामन्यांत ५. स्ट्रायकर म्हणून हे आकडे कमीच आहेत. तरी प्रशिक्षक रानिएरी त्याला दर आठवड्याला का खेळवत होता, हे नीट उलगडावं असं वाटतं. माझं मत सरळ आहे: त्या ४-४-२ मध्ये (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) ओकाझाकी नसता तर कान्तेला चेंडू हिसकावायला मिळाला असता, पण पाचदहा मीटर मागे, आपल्या गोलच्या जवळ. तिथून वार्डीला सोडलेला लांब पास इतका धोकादायक राहिला नसता.

---

आकडेमोड

चांगला विषय. आकडे मात्र मैदानावरच्या जागेनुसार वेगळे काढायला हवेत, नाहीतर चित्र फसवं दिसतं.

स्टुटगार्ट: ब्युंदेसलीगाचे (जर्मनीची अव्वल लीग) ६३ सामने, १० गोल. इथे तो बहुतांश वेळ बाजूला, डावीकडे किंवा उजवीकडे खेळला.
माइन्त्स: ६५ सामने, २७ गोल. इथे मधोमध, सर्वांत पुढे. २०१३-१४ मध्ये १५, २०१४-१५ मध्ये १२.

सामने जवळपास तेवढेच, माणूस तोच, लीगही तीच. बदलली ती जागा. त्या १५ गोलांनी त्याने जपानी खेळाडूचा एका मोसमातला विक्रम केला, आधीचा कागावाचा १३ चा होता. ब्युंदेसलीगातले एकूण ३७ गोल म्हणजे यासुहिको ओकुदेराचे २६ मागे टाकले.

स्टुटगार्टमध्ये अडचण कुठे होती ते सामने बघितल्यावर ध्यानात येतं. विंगरला चेंडू पायावर मिळतो, समोर फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, उभा असतो आणि त्याला चकवून पुढे जावं लागतं. हे ओकाझाकीचं काम नव्हेच. त्याचा पहिला स्पर्श काही वेळा अर्धा-एक मीटर लांब जायचा. कडेला तो अर्धा मीटर गेला की चेंडूही गेला. गोलसमोर सहा मीटरवर तोच स्पर्श फटका असतो. फेब्रुवारी २०१२ मधली हॅनोव्हरविरुद्धची बायसिकल किक, जी जर्मनीत त्या महिन्याचा सर्वोत्तम गोल ठरली, तीही पेटीत, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, मधोमध मिळालेल्या चेंडूवरच.

---

कूपरेजवाला

प्रेसिंगबद्दल (चेंडूवाल्यावर धावून दबाव आणण्याबद्दल) सविस्तर लिहितो, कारण "खूप पळायचा" एवढं म्हणून लोक पुढे जातात. नुसतं पळून काहीच होत नाही. कुठून पळायचं आणि कुठे थांबायचं, हे कळावं लागतं.

पहिली गोष्ट, लेस्टर सतत वर चढून दाबणारा संघ नव्हता. चेंडूचा ताबा बहुतेक सामन्यांत समोरच्यांकडेच जास्त असायचा. चार-चार खेळाडूंच्या दोन रांगा आपल्या अर्ध्यात, एकमेकींच्या जवळ. वार्डी समोरच्यांच्या दोन सेंटरबॅकांच्या (मधल्या बचावपटूंच्या) मध्ये उभा. ओकाझाकी त्याच्या मागे आठ-दहा मीटरवर, थेट समोरच्या होल्डिंग मिडफिल्डरला (बचावफळीच्या लगेच पुढे खेळणाऱ्याला) चिकटून. म्हणजे कागदावर ४-४-२, पण चेंडू समोरच्यांकडे असताना ४-४-१-१.

आता चाल. सेंटरबॅककडे चेंडू आला की ओकाझाकी सरळ रेषेत धावत नाही. वळण घेऊन जातो, असा की मागे सोडलेला होल्डिंग मिडफिल्डर त्याच्या पाठीच्या सावलीत राहावा. सेंटरबॅकला आतला पास दिसतच नाही. उरतो तो फुलबॅककडचा पास, आणि तिथे महरेझ किंवा दुसऱ्या कडेचा ऑलब्राइटन आधीच निघालेला असतो. कडेची रेषा हा फुकटचा बचावपटू.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, आणि तो बघायला कॅमेरा मागे न्यावा लागतो. चेंडू ओकाझाकीला ओलांडून मधल्या फळीत गेला, की बहुतेक स्ट्रायकर चालायला लागतात. हा उलटा फिरून मागून यायचा. समोरून कान्ते किंवा त्याचा जोडीदार ड्रिंकवॉटर, मागून ओकाझाकी. चेंडूवाल्याला वळताही येत नाही आणि मागेही देता येत नाही. कान्तेच्या खात्यावर जमा झालेल्या कितीतरी टॅकलमध्ये मागून आलेल्या या माणसाचा वाटा आहे, तो कुठल्या तक्त्यात दिसत नाही.

चूक कुठे होते? धाव अर्धा सेकंद उशिरा निघाली किंवा सरळ रेषेत गेली तर सावली तुटते आणि एका पासात दोन माणसं बाद होतात. म्हणूनच रानिएरी त्याला साधारण तासाभराने, साठ ते सत्तराव्या मिनिटाच्या आसपास काढायचा. ही शिक्षा नव्हती. दमलेला ओकाझाकी आणि मधली फळी यांत वीसेक मीटरची पोकळी पडते, आणि तीच जागा समोरच्याला हवी असते. मग बदली स्ट्रायकर उयोआ यायचा. उंच, चेंडू छातीवर धरून ठेवणारा, कॉर्नरला बचावात उपयोगी. आघाडी राखायला तो जास्त योग्य.

---

फातोर्डा_एक्स्प्रेस

कूपरेजवाला, चालीचं वर्णन पटलं. निष्कर्षाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही.

शेवटी तो क्रमांक २० घालून पुढे खेळणारा माणूस होता. वार्डीचे २४, महरेझचे १७, आणि याचे ५. वार्डीने एवढे गोल केले नसते तर कोणत्याही मॅनेजरने डिसेंबरपर्यंत याला बाकावर बसवलं असतं. पाठीमागे येऊन टॅकल करणं चांगलंच, पण त्यासाठी तिसरा मिडफिल्डरही घेता येतो. आणि क्लबचंही तेच मत असावं, नाहीतर २०१६ च्या उन्हाळ्यात मुसा आणि विक्रमी किमतीला स्लिमानी हे स्ट्रायकर का आणले?

---

डावा_इनसाइड

फातोर्डा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच २०१६-१७ च्या मोसमात आहे.

स्लिमानी आला, कान्ते चेल्सीला गेला. ओकाझाकी आत-बाहेर. स्लिमानी पेटीत हेडर मारायला उत्तम, पण होल्डिंग मिडफिल्डरवर सावली धरणं त्याचं काम नव्हतं. मध्ये कान्ते नाही आणि पुढून गाळणीही नाही, त्यामुळे चेंडू थेट मॉर्गन आणि हुट या सेंटरबॅकांसमोर येऊ लागला. ते दोघं पेटीत भक्कम, मोकळ्या मैदानात वळायला संथ. फेब्रुवारीत संघ पदावनतीच्या (खालच्या श्रेणीत जाण्याच्या) उंबरठ्यावर होता आणि २३ फेब्रुवारी २०१७ ला रानिएरीला काढलं.

त्याच्या जागी क्रेग शेक्सपिअर आले. पहिला सामना २७ फेब्रुवारीला, लिव्हरपूलविरुद्ध. त्यांनी काही नवं केलं नाही, जुनं परत आणलं: ४-४-२, वार्डीच्या मागे ओकाझाकी. निकाल ३-१. तिथून लीगमधले सलग पाच सामने जिंकले. ओकाझाकीने त्या लिव्हरपूल सामन्यात गोल केला नाही. वार्डीचे दोन, ड्रिंकवॉटरचा एक. पण ओकाझाकी परतल्यावर वार्डीला पुन्हा धावायला जागा मिळू लागली, हे उघड दिसतं.

तिसरा मिडफिल्डर घेता येतो, खरं आहे. पण तो चेंडू जिंकल्यावर वार्डीपासून तीस मीटर मागे असतो. ओकाझाकी दहा मीटरवर असतो, म्हणजे लांब चेंडूवर वार्डीचं आणि सेंटरबॅकचं भांडण झालं की खाली पडणारा दुसरा चेंडू त्याचा.

---

आकडेमोड

त्या पाच गोलांची यादी कुणी एकत्र बघत नाही, म्हणून देतो: वेस्ट हॅमच्या मैदानावर, न्यूकॅसलच्या मैदानावर, एव्हर्टनच्या मैदानावर, ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर आणि घरी न्यूकॅसलविरुद्ध. पाचपैकी चार बाहेरच्या मैदानांवर. समोरचा संघ आपल्या मैदानावर वर चढतो, मागे जागा सुटते, दुसरे चेंडू जास्त पडतात. योगायोगही असेल, पण खेळाच्या ढंगाशी जुळतं.

वेस्ट हॅमचा तेवढा सविस्तर सांगतो. १५ ऑगस्ट २०१५, २७ वं मिनिट. वार्डी डावीकडून चेंडू आत देतो. ओकाझाकी पहिल्याच स्पर्शात मारतो, गोलरक्षक आद्रियान अडवतो, चेंडू हवेत उडतो. आता त्याचे पाय बघा. फटका मारल्यावर तो डोक्याला हात लावून थांबत नाही. चेंडू उडतो तेव्हाच त्याचं पुढचं पाऊल पडलेलं असतं, आणि खाली येणारा चेंडू तो व्हॉलीवर आत घालतो. लेस्टर २-१ जिंकलं.

मार्च २०१६ चा न्यूकॅसलविरुद्धचा सगळ्यांना पाठ आहे: वार्डीने डोक्याने चेंडू परत आत वळवला, ओकाझाकी गोलकडे पाठ करून होता, ओव्हरहेड किक. १-० ने जिंकले आणि पाच गुणांची आघाडी झाली. शेवटी ८१ गुण, आर्सेनलपेक्षा दहा जास्त.

---

राइनकाठ

माइन्त्सबद्दल थोडी भर. प्रशिक्षक ट्युखेलने त्याला पुढे मधोमध आणलं तेव्हा चेंडू पायावर द्यायचं बंद केलं, हे मुख्य. चेंडू जागेत द्यायचा. ओकाझाकी सेंटरबॅकच्या आंधळ्या खांद्यामागे उभा राहायचा, म्हणजे बचावपटू चेंडूकडे बघत असला की हा दिसणार नाही असा, आणि पास सुटताना सेंटरबॅक व फुलबॅक यांच्या फटीतून निघायचा. ही धाव सामन्यात वीस वेळा करायची, चेंडू तीन वेळा मिळतो. उरलेल्या सतरा धावा बचावफळीला मागे ढकलतात आणि त्या जागेत मागून मिडफिल्डर येतात. २०१३-१४ च्या मोसमात माइन्त्स सातवं आलं आणि युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पोहोचलं.

याच शहरात २०१४ मध्ये त्याने आणि शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने एफसी बासारा माइन्त्स हा हौशी क्लब काढला. जर्मन फुटबॉलच्या अगदी तळाच्या पायरीवरून सुरुवात करून तो सहाव्या स्तरापर्यंत चढला. निवृत्तीनंतर ओकाझाकी तिथेच मुख्य प्रशिक्षक झाला. मोठ्या क्लबात सहायक होण्यापेक्षा छोट्या मैदानावर स्वतः जबाबदारी घेणं त्याने निवडलं, याचा मला फार आदर वाटतो.

---

सोमवार_पेठ

राष्ट्रीय संघाकडची बाजू राहिली. ६ जून २००९, ताश्कंद. केंगो नाकामुराचा पास, ओकाझाकीचा फटका गोलरक्षकाने अडवला, परत आलेल्या चेंडूवर त्याने डोकं घातलं. १-०, आणि जपान २०१० च्या विश्वचषकाला पात्र. वर आकडेमोड यांनी सांगितलेला वेस्ट हॅमचा गोल आणि हा, सहा वर्षांच्या अंतराने घडलेली तीच कृती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाँगकाँग आणि टोगोविरुद्ध दोन हॅटट्रिक.

पण विश्वचषक सुरू होताना त्याची जागा गेली. प्रशिक्षक ओकादांनी मिडफिल्डर होंडाला पुढे एकट्याला ठेवलं, कारण चेंडू धरून ठेवणारा माणूस हवा होता आणि ते ओकाझाकीला जमत नव्हतं. तो बदली म्हणून आला. डेन्मार्कविरुद्ध ८७ व्या मिनिटाला होंडाने गोलरक्षकापर्यंत जाऊन चेंडू आडवा दिला आणि याने रिकाम्या गोलात घातला, ३-१. हा गोल सोपा वाटतो. मात्र होंडाच्या बरोबरीने एवढ्या उशिरा तिथवर धावत आलेला दुसरा कोणी नव्हता, म्हणून तो सोपा.

२०१४ च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्धही गोल. २०१८ मध्ये घोटा दुखावलेला असताना पोलंडविरुद्ध सुरुवात केली आणि उत्तरार्ध सुरू होताच बाहेर यावं लागलं.

जपानच्या गोलांच्या यादीत त्याच्या पुढे दोघंच: कुनिशिगे कामामोतो ७५ आणि काझुयोशी मिउरा ५५. कामामोतो म्हणजे १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये ७ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा, ताकदवान फटक्याचा माणूस. मिउरा चेंडू पायावर घेऊन नाचवणारा. ओकाझाकी दोघांसारखाही नाही. माझ्या मते तिघांत सर्वांत कमी दैवी देणगी याला होती, आणि युरोपात सर्वांत जास्त टिकला तोही हाच.

---

नवा_बूट

फार उपयुक्त धागा. दोन प्रश्न. २०१९ मध्ये स्पेनच्या मालागा क्लबने त्याला घेऊन सोडलं ते नेमकं काय होतं? आणि त्याचे ते झेप घेऊन मारलेले हेडर शिकवायचे असतील तर सुरुवात कुठून करायची?

---

राइनकाठ

मालागाचं उत्तर देतो. स्पेनमध्ये लीग प्रत्येक क्लबला खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा ठरवून देते. क्लबने करार केला तरी तो खर्च मर्यादेत बसत नसेल तर लीग खेळाडूची नोंदणी करत नाही, आणि नोंदणीशिवाय अधिकृत सामन्यात उतरता येत नाही. जुलै २०१९ च्या अखेरीस मालागाने करार केला, पण मर्यादा आधीच भरलेली होती. जागा करण्यासाठी आधीचे महागडे खेळाडू विकायला हवे होते, ते वेळेत झालं नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला करार मोडला आणि लगेच उएस्काने त्याला घेतलं. स्पेनमध्ये नुसती सही पाहून खेळाडू आला असं धरू नये, नोंदणीची बातमी येईपर्यंत थांबावं.

उएस्काकडून त्या मोसमात त्याने दुसऱ्या श्रेणीत १२ गोल केले, संघ विजेता ठरला आणि ला लीगात गेला. वय ३४.

---

कूपरेजवाला

हेडरचं मी सांगतो. "आयुष्यभर डायव्हिंग हेडर" हे ओकाझाकीचं ब्रीद जपानमध्ये प्रसिद्ध आहे, पण त्या हेडरचं नव्वद टक्के काम पाय करतात.

क्रॉस (कडेवरून गोलसमोर दिलेला पास) यायच्या आधी बचावपटूच्या मागच्या खांद्याशी उभं राहायचं. क्रॉस देणारा मान खाली घालून चेंडूकडे बघतो, तेव्हा दोन पावलं लांबच्या खांबाकडे जायचं. बचावपटू सरकतो. क्रॉस देणाऱ्याचा पाय मागे गेला की बचावपटूच्या पुढून, जवळच्या खांबाकडे तुटून पडायचं. पहिली तीन पावलं छोटी, शरीर पुढे झुकलेलं, पाऊल कमरेच्या खाली पडेल असं. शेवटचं पाऊल लांब, आणि उडी एका पायावरून, चेंडूच्या रेषेत, वर नाही. कपाळाच्या सपाट भागाने चेंडू घ्यायचा, मान ताठ, डोळे उघडे. जवळच्या खांबाशी जोर लावायची गरज नसते, चेंडूला वेग आधीच असतो, फक्त दिशा द्यायची. उतरताना छाती आणि कोपरापर्यंतचे हात एकदम टेकवायचे, हनुवटी वर.

बिघडतं ते असं. लवकर निघालात तर चेंडू पाठीमागून जातो, हीच सर्वांत नेहमीची चूक. डोळे मिटले तर चेंडू टाळूला लागून आडव्या दांड्यावरून जातो. हात ताठ ठेवून पडलात तर मनगट दुखावतं. २०१७ च्या मार्चमध्ये थायलंडविरुद्ध त्याचा ५० वा आंतरराष्ट्रीय गोल झाला, उजवीकडून कुबोचा क्रॉस, जवळच्या खांबाशी हेडर. तो संथ गतीत बघा, चेंडू सुटण्याआधीच बचावपटू हरलेला दिसतो.

लहान मुलांना मात्र डोक्याने मारायला लावू नका. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग बंदच केलंय. त्यांना हीच धाव शिकवा आणि शेवट पायाने करायला सांगा, चेंडू जमिनीवरून द्या. मोठ्यांना आधी गुडघ्यावर बसून, मऊ चेंडूने, हाताने फेकलेल्या पासवर. मग उभ्याने. झेप शेवटी, आणि ओल्या गवतावर किंवा जाड मॅटवर. कोरड्या कडक मैदानावर झेपेचा सराव नकोच. एका सत्रात दहा झेपा पुरे.

---

फातोर्डा_एक्स्प्रेस

डावा_इनसाइड, शेक्सपिअरच्या पाच सामन्यांचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घेतला नव्हता. तरी एक सांगतो, २०१८-१९ मध्ये संघ एका स्ट्रायकरवर गेला, त्याच्या मागे मिडफिल्डर मॅडिसन आला, आणि ओकाझाकीला जागाच उरली नाही. लीगमध्ये एकही गोल नाही. म्हणजे त्याची किंमत दोन स्ट्रायकरांच्या रचनेला बांधलेली होती. वार्डी नसलेल्या संघात तो एवढा उपयोगी ठरला नसता.

अवांतर: आपल्याकडच्या जपानी पायांची आठवण झाली. शिमोनोसेकीत जन्मलेला अराता इझुमी आधी महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसीकडून खेळला, भारतीय नागरिकत्व घेऊन २०१३ मध्ये भारताकडूनही उतरला. स्ट्रायकरच्या मागे राहून चेंडू गेल्यावर लगेच उलटं फिरायची सवय त्याच्यातही होती.

---

डावा_इनसाइड

बांधलेली होती, हे बरोबर. पण माइन्त्स आणि उएस्कात तो एकटा पुढे खेळूनही गोल करत होता. म्हणून "वार्डीशिवाय शून्य" इतकं टोकाला मी जाणार नाही. त्याला कडेला टाकलं किंवा पाठ करून चेंडू धरायला लावलं की तो फसतो, एवढंच म्हणेन.

नवा_बूट, प्रेसिंग शिकवायचं असेल तर साधा सराव: ३० बाय २० मीटरचा चौकोन, एका टोकाला दोन सेंटरबॅक, मध्ये एक होल्डिंग मिडफिल्डर, त्यांच्याविरुद्ध दोन स्ट्रायकर. तिघांनी मिडफिल्डरमार्फत पलीकडची रेषा गाठली तर एक गुण, स्ट्रायकरांनी चेंडू जिंकून पाच सेकंदांत छोट्या गोलात घातला तर दोन. ४५ सेकंद खेळ, ९० सेकंद विश्रांती, सहा फेऱ्या. विश्रांती कमी करू नका. दमलेली मुलं वळण सोडून सरळ धावायला लागतात आणि तीच सवय पक्की होते. मागच्या स्ट्रायकरला एकच सूचना द्या: निघण्याआधी एकदा मान वळवून मिडफिल्डर कुठे आहे ते बघ, मगच पाऊल टाक.